दुमड

चौतीस वर्षांत अकरा घरं, आणि पडद्यांची जोडी एकच.
अंकाराला खिडक्या बुटक्या, तिथे वीतभर दुमडले;
हेलसिंकीला उसवून खाली सोडले, चार बोटं राखून;
डाकारला पुन्हा आखूड;
मोंटेव्हिडिओला एक बाजू जास्त,
कारण तिथली भिंतच तिरकी.
यांच्या बदल्या मला पत्रांनी कळायच्या,
खऱ्या वाटायच्या सुई ओवल्यावर.

हे, कुसाकाबे तेइजी,
आधी तिसरे सचिव, मग दुसरे, मग पहिले.
उलटं मोजत वर चढायची नोकरी.
नकार तोंडावर कधी दिला नाही.
"विचार करू," म्हणायचे,
आणि समोरचा आभार मानून जिना उतरायचा.
फाटकाशी पोचल्यावर त्याला उमजायचं.

मासेमारीच्या करारात एक क्रियापद अडलं, अकरा महिने.
"करतील" की "करावे".
रात्री दोनला हे स्वयंपाकघरात उभे,
मुळ्याचं लोणचं चघळत
दोन्ही आळीपाळीने पुटपुटत.
मी विचारलं, "मासे काय म्हणतात?"
हसले नाहीत. वहीत लिहून घेतलं.
सही मंत्र्यांनी केली.
वर्तमानपत्रातल्या फोटोत उजव्या कडेला एक कोपर आहे.
ते यांचं. इस्त्री माझी.

डाकारला मेजवानीच्या दिवशी तार आली.
खिशात घालून चौदा पाहुण्यांना सूपापासून फळांपर्यंत नेलं.
शेवटची मोटार गेल्यावर म्हणाले,
"आई गेली. काल."
मी चमचे मोजत होते. मोजून संपवले.
एक कमी होता.

आता मात्सुए. तळं, बगळे, निवृत्तिवेतन.
परवा गल्लीच्या सभेत नोत्सु म्हणाले,
तुमच्या पर्सिमनचा पाला फार पडतो,
झाड काढलेलं बरं, नाही का?
सगळे यांच्याकडे बघत राहिले.
"नाही," हे म्हणाले.

घरी येऊन टोपी न काढता बसले.
"मी नाही म्हणालो," मला सांगितलं,
हातून बशी फुटल्यासारखं.
मी म्हटलं, "बरं. हे टोक धरा."

इथली खिडकी उंच. सगळ्या शिवणी उसवल्या.
कापडावर पट्टे: ज्या देशाचं ऊन
जिथवर पोचलं, तिथवर विटलेलं.
चष्मा लावून गुडघ्यांवर टेकले,
आणि तळाची गडद निळी चार बोटं चाचपत राहिले.
"ही कुठली?"
"कुठलीच नाही," मी म्हटलं.
"घेतले तेव्हा असे होते."