मागितलेलं, मागून आलेलं

बँकेनं टाकून दिलेले बारा डबे
टेम्पोतून उतरवले तेव्हा उदगीरात बेचाळीस डिग्री होती.
हेडबाई म्हणाल्या, सोमवारी प्रॅक्टिकल आहे.
मी म्हणालो, होऊन जाईल.
माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक पेनड्राईव्ह होता,
इलियासभाईंचा.

चौदा वर्षं ते या लॅबमध्ये होते.
आधी प्रत्येक मशीनसमोर बसून
एकेक नाव टाईप करायचे,
आणि सातव्या मशीनवर मराठी फॉन्ट नेमका राहायचा,
'क्ष'च्या जागी पोरांना चौकोन दिसायचे.
मग एका उन्हाळ्यात वैतागून
त्यांनी मशीनलाच विचारलं:
सांग, मी तुला काय काय मागितलं होतं?
मागितलेलं वेगळं काढ,
मागून आलेलं वेगळं.

दोन हजार नावांतून एकशे सतरा उरली.
एवढीच आपली, म्हणाले,
बाकी सगळे त्यांचे पाहुणे. ते आपापले येतात.

ती ही यादी. एका ओळीत एक नाव.
मधेमधे हॅश लावलेल्या ओळी,
ज्या मशीन ओलांडून जातं
आणि माणूस अडखळतो:

# आधी फॉन्ट. मग चहा.
# सोनकांबळे मॅडम मागतात, वापरत नाहीत. असू द्या.
# प्रिंटर. इथून पुढं नशीब.
# हे काढू नका. शिवकांतासाठी.

शिवकांता बिरादार मी पाहिलेली नाही.
माझ्या येण्याआधीच बारावी होऊन गेली.
तिला पडदा दिसत नव्हता, एवढं शिपाई सांगतो,
आणि चौथ्या मशीनच्या खुर्चीला
अजून तिची खुर्ची म्हणतो.

शनिवारी दुपारी लाईट होती.
एकानं नेटवरून आणायचं,
अकरांनी त्याच्याकडून घ्यायचं, असं लावून दिलं
आणि एंटर मारलं.
लगेच थांबलं.
एक नाव सापडत नाही म्हणे,
म्हणून बाकीची एकशे सोळाही दारात उभी.
मानपान असा, की मला हसूच आलं.

बिदरला फोन लावला.
पलीकडे नातवंडांचा गोंधळ.
"नाम बदले होंगे रे. नया नीचे लिख,
पुराने के आगे हॅश लगा.
मिटा नक्को."

मिटवलं नाही.
संध्याकाळी सातपर्यंत बाराही उठून बसले,
सातव्यावरसुद्धा 'क्ष' धड.

सोमवारी कुणाचा तरी पंजा भलत्याच बटणांवर पडला
आणि मशीन बोलायला लागलं.
फाईल. एडिट. रिकामा कागद. रिकामा कागद.
नाकात, घाईघाईत, परक्या गावचं असल्यासारखं.
वर्ग फुटला.
मी स्पीकर उपटायला धावलो, तर स्पीकर आतच.
दोन मिनिटं ते आम्हाला
आमचाच पडदा वाचून दाखवत होतं
आणि तिसऱ्या मिनिटाला
पोरं गप्प होऊन ऐकायलीत, हे माझ्या लक्षात आलं.

पोरं गेल्यावर यादी उघडली.
साठ-सत्तर एमबीची ती ओळ
काढायचं माझ्या मनात होतं, खोटं कशाला बोलू.
तिच्या खाली लिहिलं:

# बोलायला लागलं तर सुपर, ऑल्ट, एस. घाबरू नका.

नाव टाकलं नाही.
पुढचा जो कुणी येईल तो ओळखेल अक्षरावरून,
असं वाटलं क्षणभर.
पण टाईप केलेल्याला
कुठलं आलंय अक्षर.