साच्याचा साचा

कुंडईची इंडस्ट्रियल इस्टेट, रात्रपाळी.
टाकीत तेल, तेलाखाली पोलाद,
पोलादावर उतरते ग्राफाईटची काळी कांडी
आणि टेकत नाही.
टेकली तर मशीनच दचकून मागे घेते.
मग पुन्हा जवळ, जरा वर, पुन्हा जवळ,
आणि मधल्या पाच शतांशांत
ठिणग्या, मोजता न येणाऱ्या,
एकेक कण उचलून तेलात सोडणाऱ्या.

तासलेल्या पोलादाला तासल्याची खूण राहते.
हे पोलाद तासलेलं दिसत नाही.
कुणी बोलून बोलून झिजवल्यासारखं दिसतं.

ठोकळा येतो तेव्हा दगडाहून हलका असतो.
कागदावर ओढा, रेघ येते.
मिलिंगवर उडालेली धूळ व्हॅक्युम खेचतो म्हणतात.
त्याला न सापडलेली मी घरी नेतो
कानामागून, रुमालाच्या घडीतून.
बाबा वेळग्याच्या खाणीवर होते,
त्यांच्या कपड्यांची बादली तांबडी व्हायची.
माझी काळी होते. साबण तोच.

त्या रात्रीचं काम औषधाच्या बाटलीचं झाकण,
लहान मुलांना उघडू नये असं:
आधी दाबायचं, मग फिरवायचं,
आणि कुठे फिरवायचं ते सांगायला
डोक्यावर वाकडा बाण.
रफची कांडी तीन तास चालून कोपऱ्यांत गोल झाली,
काढली. फिनिशची लावली.
नवी कोरी, बाण इतका धारदार की बोट फिरवावंसं वाटावं.

सुलक्षा गावडे फर्मागुडीच्या आयटीआयची,
येऊन अकरा दिवस झालेले.
तिला मी टाकीजवळ उभं केलं होतं,
तेलाची पातळी बघ म्हणून.
ती कांडीकडे बघत होती.
"बाबू, हो बाण उरफाटो मरे."

मी हसलो. वीस वर्षं हसतोय मी असल्या प्रश्नांना.
म्हटलं, साच्यात सगळं उलटंच असतं बाये,
सुलटं होतं ते प्लास्टिकमध्ये.
आणि डिझाईनला वेन्सी आहे.
वेन्सी चुकत नाही.

ती गप्प बसली. मग पिशवीतून
आजोबांच्या गोळ्यांची रिकामी बाटली काढली
(घरी मीठ-मिरची ठेवायला नेत होती)
आणि हवेत धरून झाकण उघडलं, लावलं,
उघडलं, लावलं,
ओठ हलत होते, डावीकडे, डावीकडे.
"साच्यात उरफाटो, मानता हांव.
पूण हो साचो न्हय. हो साच्याचो साचो."

मला कळायला जरा वेळ लागला.
तेवढ्या वेळात किती ठिणग्या पडल्या असतील देव जाणे.
लाल बटण दाबलं.
मशीन थांबल्यावर जी शांतता येते
तिला रॉकेलसारखा वास असतो.

तेल उतरवलं. घड्याळ लावून मोजलं:
सात शतांश. वाचलो.
अजून मिलिमीटरभर माया शिल्लक होती,
खोल जाईपर्यंत ती खूण
नव्या बाणाखाली पुसली गेली असती. गेलीही.

सकाळी सातला वेन्सी आला.
कांडी उजेडात धरली, आरशात धरली,
मग तसाच गेटवरच्या गाड्यावर गेला
आणि आमच्यासाठी उंडे आणि पातळभाजी घेऊन आला.
माफीबिफी काही नाही. भाजी गरम होती.

रजिस्टरमध्ये रकाना असतो: थांबवण्याचं कारण.
मी लिहिलं, 'ऑपरेटरला शंका आली.'
खाली सही माझी.
चहा होईपर्यंत ते वाक्य तिथेच होतं.
मग पेन सापडेना, म्हणजे सापडत होतं, खिशातच होतं,
पण मी ती उरफाटी कांडी उचलली,
तिच्या कडेने 'ऑपरेटरला' खोडलं
आणि वर लिहिलं, सुलक्षा गावडे.
अक्षर जाड आलं, बाजूच्या पानावरही उमटलं.

कांडी भंगारात टाकायची असते.
माझ्या खणात आहे.