हवामान बरं असेल तर

स्कार्विक ते लांगनेस, विमानाने बारा मिनिटं.
भिंतीवरच्या तक्त्यात छापलंय,
खाली बारीक अक्षरात: हवामान बरं असेल तर.
रस्त्याने दोन तास दहा मिनिटं,
घाट उघडा असेल तर.
नोव्हेंबर लागला की बर्फगाडीच्या मागे
रांगेने, तिच्या मर्जीने.
बोटीने आता कोणी जात नाही.
बाबा जायचे. पाच तास,
आणि परतल्यावर मिशीत मीठ.

मी इथे तिकिटं तपासते, बॅगा तोलते,
विमान उतरायच्या आधी जाड जाकीट चढवून
आगीच्या बंबात जाऊन बसते,
धावपट्टीवर रेनडिअर आले
तर हाकलायलाही मीच.
तिकडे लांगनेसला हीच सगळी कामं
एइलर्ट करतो.
माझा धाकटा भाऊ.

बोट विकली त्या वर्षी शब्दाला शब्द वाढला.
वाटा कोणाचा किती,
बाबांच्या उशाशी रात्री कोण बसलं,
कोण नुसतंच फोन करत राहिलं.
मी बोलू नये ते बोलले.
त्याने दार आपटलं नाही, हळूच ओढून घेतलं.
त्याला नऊ वर्षं झाली.

तसे आम्ही रोज बोलतो.
"स्कार्विकहून सुटलं, चौदा वाजून सात."
"ऐकलं."
"प्रवासी चार, पेट्या दोन."
"इथे वारा वायव्येचा, तीस नॉट."
"ऐकलं."
नियमाच्या पुस्तकात आहेत तेवढेच शब्द.
पुस्तकात 'कसा आहेस' नाही.

पण नऊ वर्षांत कान तयार होतो.
त्याच्या "ऐकलं"मधली सर्दी मला कळते.
मुलगी झाली तेव्हाचं जागरण कळलं होतं,
गावाला कळायच्या आधी.
एकदा त्याच्यामागे किटली शिटी द्यायला लागली,
मध्येच फाटणारी, दोन सुरांची.
आईची किटली.
म्हणजे ती यानेच नेली तर.
आणि मी अख्खं घर उलथंपालथं केलं होतं.

काल दुपारी (घड्याळात दुपार,
बाहेर जानेवारीचा मिट्ट काळोख)
विमान सुटलं आणि लांगनेसवर वादळ बसलं.
मी रेडिओ ऐकत उभी.
वैमानिक बाई विचारत होत्या, एइलर्ट सांगत होता:
आठशे मीटर दिसतंय.
पाचशे.
आता काही दिसत नाही.

मग तोही गप्प, त्याही गप्प.
तक्त्यावरची बारा मिनिटं कधीच उलटून गेली.
सव्वीसाव्या मिनिटाला दोन दिवे
माझ्याच धावपट्टीवर उतरले.
बोर्गहिल्ड आजी शिडीवरून खाली येत म्हणाल्या,
"पोचलेच होते गं. लेकीच्या गावचे दिवे दिसले,
मग कोणीतरी पुसून टाकले."
मुल्टे बेरीच्या मुरंब्याची बरणी
त्यांनी तशीच छातीशी धरलेली.

मी फोन उचलला.
"परत आलं. सगळे सुखरूप."
'सुखरूप' हा शब्दही पुस्तकात नाही.
पलीकडे नुसता वारा.
बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "ऐकलं,"
आणि फोन ठेवला नाही.

मीही नाही.
किती मिनिटं, याची नोंद मी केली नाही,
बाकी सगळ्याची करते.
तिकडे शिटी वाजायला लागली, दोन सुरांत फाटत.

"उतरव ती," मी म्हणाले.
"तळ जळेल."