बलक

आमच्या गावात ईस्टरला अंडी रंगवायचे.
हंसाच्या पिसाचं टोक मेणात बुडवून
मी कवचावर सूर्य काढायची, मधमाशीचं घर काढायची.
चुकून अंडं फुटलं
तर आई संध्याकाळपर्यंत बोलत नसे.

एकोणिसाव्या वर्षी ड्रेस्डेनला आले
आणि अंडी फोडायचा पगार घेऊ लागले.

टक्. वास घे. कवचाचे दोन तुकडे.
बलक या वाटीतून त्या वाटीत, त्या वाटीतून या,
पांढरं गळून जाईपर्यंत.
टक्.
दिवसाला दोन हजार, कधी जास्त.
पांढऱ्यात पिवळ्याचा एक थेंब पडला
की मुकादम क्रेच्मार अख्खं भांडं ओतायला लावी
आणि वहीत लिही.
लहानपणी पाद्रीबुवांनी
पांढऱ्यावर काळं करायला शिकवलं होतं;
त्याचा उपयोग एवढाच झाला,
की मला वाचता यायचं:
वोर्शा, चाळीस अंडी. वोर्शा, पुन्हा चाळीस.

पांढरं फेसायचं, मग आंबू द्यायचं.
तो वास केसांत बसे.
रविवारच्या नाचाला आम्ही आमच्याआमच्यातच नाचायचो.
वरच्या मजल्यावर कागद त्या पांढऱ्यावर तरंगत,
मग दोऱ्यांवर वाळत, धुतलेल्या लंगोटांसारखे,
पण चकचकीत.
पेट्या आगगाडीत चढत. कुठे जात कोण जाणे.
तिथे कोणीतरी त्यावर चांदीचं पाणी फिरवी
आणि काचेखाली उन्हात ठेवी,
मग त्यात नवरी उमटे, सेनापती उमटे,
लेसच्या टोपीतलं, झोपलंय असं वाटणारं मूल.
सगळे आमच्या अंड्यांवर उभे.
बलक मात्र कातडी कमावणाऱ्यांकडे जाई,
हातमोज्यांसाठी.
उरलेल्याचा केक आम्हाला शनिवारी.
मला अजून केक बघवत नाही.

एकदा आमचाही फोटो काढला.
तिपाई आली, काळं फडकं आलं, फडक्यातून आवाज आला:
हलू नका, मनात बारा मोजा.
आम्ही चेहरे दगडासारखे धरले.
हातांचं काय, ते कोणी सांगितलं नाही.
समोर टोपली, टोपलीत अंडी,
हात आपले चालूच राहिले.
फोटोत सदतीस बायका आहेत
आणि मनगटांच्या पुढे
सगळ्यांना धुकं आहे.

मग एका वर्षी म्हणाले, आता अंडं नको.
हाडं उकळून सरस काढतात, कागद त्याचे.
हाडांना फोडायला बायका लागत नाहीत.
निरोपाला क्रेच्मारने प्रत्येकीला तो फोटो दिला,
पुठ्ठ्यावर चिकटवून,
आणि थोडा वेळ आमच्याबरोबर जिन्यात उभा राहिला.

परवा बहिणीचा बेनो आला. हातात डबा,
भाकरीएवढा, काळा, पाय नाहीत, फडकं नाही.
आत म्हणे गुंडाळी असते, पुरी झाली की
दुकानात द्यायची, ते लोक धुऊन देतात.
म्हणाला, मावशी, कोंबड्यांपाशी उभी राहा.
राहिले. श्वास धरला.
आठपर्यंत आले होते मनात
तेव्हा तो हसला.
अगं, कधीच झालं.
मी तरी बारापर्यंत गेले.

आत येऊन तो भिंतीवरच्या फोटोपाशी थांबला.
हा खराब झालाय, म्हणाला, पिवळा पडलाय.
बघितलं तर खरंच.
आमचे एप्रन पिवळे, खिडकीतलं आभाळ पिवळं,
हातांचं धुकंही पिवळं.

इतकी वर्षं गाळलं, निवडलं, ओतून दिलं,
तरी कुठेतरी एक थेंब राहिलाच होता.
क्रेच्मार मातीत गेला, वही कुठे गेली ठाऊक नाही.
मी मनात हिशेब करत बसले:
सदतीस जणी.
कोणाच्या नावावर लिहायची,
आणि किती.