कोणत्या रकान्यात

मारितने पहिल्या नोंदीत लिहिलं होतं:
वय सोळा. नजरेला नजर देत नाही. वर्गात झोपतो.
'माझं काळीज थंड नाही' असं दुभाष्यामार्फत सांगतो.
आणि खाली, तिच्या सुबक अक्षरात:
भावनिक बधिरता नाही. चांगलं लक्षण.

सेंट पॉल, जानेवारी, उणे बावीस.
इंजिनं गोठू नयेत म्हणून
गाड्यांच्या नाकांतून वायरी लोंबतायत.
इथे जन्मलेल्या पोरीला
थंड म्हणजे दुसरं काय वाटणार?
मी लाल पेन उचललं. परत ठेवलं.
नॉ म्यू पॉला फोन केला.

ती येते ते तासाच्या पैशांवर.
तिच्या दोन तासांना
आमच्या अभ्यासक्रमात एकही गुण नाही.
कोटाची बटणंसुद्धा न काढता म्हणाली:
आमच्या कारेन बोलीत आनंद म्हणजे
काळीज थंड.
दिवसभर डोंगर चढून आलेल्याला
बांबूच्या नळ्यातलं पाणी मिळतं ना, तसं.
त्याचं थंड नाही म्हणजे तापलंय, बाई.
कधीपासून, ते विचारा.

मारितचे कान लाल झाले. तिने खोडायला घेतलं.
राहू दे, मी म्हटलं,
शेजारी लिही, तारीख घाल.

मग सराव. म्यू पॉ झाली मुलगा,
खांदे पाडून, ओठ मिटून.
एक ते दहा, मारितने विचारलं, किती दुःखी वाटतं?
दहा काय? म्यू पॉ म्हणाली. मैल?
सातही विद्यार्थी हसले.
ती हसली नाही. उत्तराची वाट पाहत राहिली.

मी त्यांना माझं सांगितलं नाही:
तेवीस वर्षांपूर्वी एका मुलीपुढे मी लिहिलं होतं
'प्रतिसाद देत नाही'.
मामा खोलीत बसलेला होता,
ती त्याचा मान ठेवत होती, एवढंच.
सात वर्षांनी फाइल कापणाऱ्या यंत्रात गेली, नियमाप्रमाणे.
तिचं नाव मला आठवत नाही.
अक्षर आठवतं, माझं.

मार्चमध्ये मारित त्यांच्या घरी गेली, म्यू पॉबरोबर.
दाराशी बूट काढले. मोज्याला भोक.
एह डो वाह त्या भोकाकडे बघून हसला.
आई रात्रपाळीहून आलेली, मांसाच्या कारखान्यातून,
हातांना क्लोरीनचा वास, तरी भात वाढत होती.
पोराच्या मनगटावर दोरा होता,
मूळचा पांढरा असावा.

कोणी बांधला? मारितने विचारलं. वही पिशवीतच.
काकाने, ऑगस्टमध्ये.
माणसात पुष्कळ जीव असतात, भटकतात,
हाका मारून, दोरा बांधून परत आणायचे.
मग जरा थांबून:
सगळे आले नाहीत.
एक छावणीतच राहिला असेल,
शाळेमागे आम्ही वेताचा चेंडू खेळायचो तिथे.

भास होतात का, हा प्रश्न
छापील कागदावर अकरावा आहे.
तिने विचारलं, तो चांगला खेळायचा का?
माझ्याहून चांगला, पोरगा म्हणाला.
आणि अर्धा तास बोलला.

आणि मरावंसं वाटतं का, ते? मी विचारलं,
कारण तो प्रश्न मी कोणालाही गाळू देत नाही.
विचारलं. म्यू पॉने शब्द दोनदा बदलला.
तिसऱ्यांदा त्याला कळला.
म्हणाला, शरद ऋतूत वाटायचं. आता रात्रीचं, कधीकधी.
काकाला सांगू का म्हटलं, तर म्हणाला, तुम्ही सांगा.
सांगितलं. शुक्रवारी तिघं येतायत.

मग तिने टेबलावर एक पिशवी ठेवली.
गोठवलेली अंबाडी.
आईने गेल्या उन्हाळ्यात लावलेली,
चर्चमागच्या भाड्याच्या वाफ्यात.
नको म्हटलं तर त्यांचे चेहरे...
भेटवस्तू घ्यायची नाही, माहितीये मला.
कोणत्या रकान्यात लिहू?

पिशवीतून पाणी गळायला लागलं होतं,
नोंदीच्या कागदाकडे सरकत.
मी कागद उचलला.
शिजवायची कशी, ते विचारलंस?

नाही.

मग शुक्रवारी विचार.