तिसरा वाटा

भडाणे शेठ म्हणाले, "सगळ्यात ताकदीचं लावा,
पाइपचं नाव पुन्हा निघायला नको."
सिन्नरच्या कारखान्याचा बॉयलर,
एकशे चाळीस बार, पाचशे चाळीस अंश,
आणि माझ्या टेबलावर कोडचं जाड पुस्तक,
कडांना माझ्याच चहाचे डाग.

तक्त्यात डावीकडे पोलादांची नावं,
वर तापमानांची ओळ.
बोट उजवीकडे सरकवावं
तसे परवानगीचे आकडे उतरत जातात,
पाचशेच्या पुढे तर कसारा घाटच.

जुनं पोलाद घेतलं तर भिंत छत्तीस मिलिमीटर.
ताकदीचं घेतलं तर वीस.
शेठचं काम इथेच झालं असतं.
पण मी कागद घेऊन शेडमध्ये गेले,
रामनाथ पेखळेंकडे.
त्यांनी हातमोजा काढून वाचला
आणि म्हणाले,
"मॅडम, ही नळी मानी आहे.
वेल्डच्या आधी शेक, नंतर शेक,
साडेसातशेच्या वर दोन तास, आणि उतरवायची ती पण हळूहळू.
मध्येच गार झाली तर आतून चिरते, वरून कळत नाही.
जास्त तापली तर मऊ पडते, तेही वरून कळत नाही.
आणि शनिवारी आपल्याकडे लाइट नसते."

मग मी जुनंच निवडलं.
दोन दिवस बरं वाटलं.
तिसऱ्या दिवशी वजन काढलं:
छत्तीसची भिंत त्या जुन्या खांबांना झेपत नव्हती,
वाकवणांत ती जाडी हटून बसत होती,
तापल्यावर वाढायला जागा मागत होती
आणि बॉयलरच्या तोंडाशीच धक्का देत होती.
खोडरबर घेतलं.

"वीस. पण जनरेटर भाड्याने हवा," मी शेठना म्हटलं.
"किती दिवस?"
"जोड आहेत तितक्या रात्री."
ते बराच वेळ कॅलेंडरकडे बघत राहिले.
तिथे लक्ष्मीचं चित्र होतं, उत्तर नव्हतं.
"बघा मग," म्हणाले.

डिसेंबरची शुक्रवारची रात्र.
पांडवलेण्याकडून येणारा वारा
शटरखालून आत शिरू नये म्हणून
पेखळेंनी गोणपाटं कोंबली.
जोडावर कॉइल, कॉइलवर लोकर,
बाळंतिणीला गुंडाळावं तशी.
आलेखाची पेन कागदावर चढत गेली,
मग सपाट चालू लागली.
पावणेदोनला लाइट गेली. जनरेटर खोकला,
एकदा,
पुन्हा एकदा,
आणि लागला.
पेनने तेवढ्यापुरता एक खड्डा काढलाय,
नखाएवढा. तो मी रिपोर्टमध्ये लिहिला आहे.

पहाटे थर्मासचा चहा ओतताना पेखळेंनी विचारलं,
"हे पुस्तकवाले ताण ठरवतात कसा?"
म्हटलं, असं समजा, एक लाख तासांनी जो ताण नळी तोडेल,
त्याचे तीन वाटे करायचे.
दोन वापरायचे, एक सोडायचा.
"लाख तास म्हणजे?"
अकरा वर्षं, पाच महिने.
त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं.
"तोवर आमची धाकटी नोकरीला लागेल," ते म्हणाले. मग,
"आणि तो तिसरा वाटा कुणाचा?"

मला गिरणीतल्या पातळ पडलेल्या पत्र्याबद्दल सांगता आलं असतं,
चुकीच्या गेजबद्दल,
घाईत वाढवलेल्या दाबाबद्दल.
मी म्हटलं, "डुलकीचा."
ते हसले. डोळे लाल होते.
"म्हणजे माझा," म्हणाले.
"माझाही."

सोमवारी कडकपणा मोजला.
दोनशे आठ, दोनशे अकरा,
एका जागी एकशे ब्याण्णव.
मर्यादा एकशे नव्वदची.
त्या जागेवर खडूने गोल केला
आणि पुन्हा मोजलं. एकशे ब्याण्णव.
पुन्हा.

सही केली.
गोल पुसला नाही,
रंग देईपर्यंत तो तिथे होता.

कापताना उरलेलं वीस मिलिमीटरचं एक कडं
आता कोडच्या पुस्तकावर ठेवलेलं असतं,
पंख्याने पानं उडू नयेत म्हणून.
शेठ आले की ते उचलून हातात तोलतात.
"एवढंसंच?" म्हणतात,
दर वेळी.