सालीसकट

वेल्समधल्या मर्थर गावी, वाचनालयात हीटरजवळ,
ग्लेनिस अपंग-भत्त्याचा फॉर्म भरतेय.
पान नववं: साधं जेवण स्वतः करता येतं का?
तिनं लिहिलंय, हो.

मंगळवारी फुकट मदत करणारा इड्रिस
चष्मा कपाळावर सरकवतो.
बटाटा सोलायला किती वेळ लागतो?
– लागतो थोडा.
सुरी किती वेळा पडते?
ती खिडकीबाहेर बघते.
थांब्यावर बस येते, कोणीच उतरत नाही.
– दोनदा. तीनदा. मग मी सालीसकटच उकडते.
हेच लिहा, तो म्हणतो. सालीसकट.

कुणी विचारलं की "बरंय" म्हणायची
चाळीस वर्षांची सवय.
घरचं दाराआड, आई सांगायची.
आता सरकारला दार उघडून दाखवायचं,
काळ्या शाईत,
तेही वाईटातला वाईट दिवस निवडून.

ती "हो" खोडते.
खोडतानाही पेन निसटतं.
हेही लिहू का? ती विचारते,
आणि दोघं हसतात, वाचनालयाच्या मानानं मोठ्यानंच.

रात्री घरी ती झेरॉक्स वाचते.
कोण गं ही बाई,
इतकं सगळं एकटीनं करते?
हिला मिळायलाच हवं.